नात्याचा रकाना

"होस्टेलचे धरता येत न्हाईत," अजीजभाई म्हणाले. "मेसचेबी न्हाई. फक्त ट्यूशन फी."

किनवटच्या पंचायत समितीत सगळ्यांचे पगार अजीजभाईंच्या हातून निघत. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण त्यांना लागू नव्हती. पण नियमाबाहेरचा रुपयाही त्यांनी कधी कुणाला सोडला नव्हता. समोर बसलेल्या सुगत सोनकांबळेला आज दुपारपर्यंत कागद द्यायचे होते. नाहीतर फेब्रुवारीच्या पगारातून अठरा हजार कर कापला जाणार होता. लातूरच्या खासगी विद्यापीठात पुढच्या सहामाहीची फी भरायला नेमके तेवढेच कमी पडत होते.

"करात सूट फक्त स्वतःच्या लेकराच्या फीला. दोन लेकरांपर्यंत. बाकी कुणाच्या न्हाई."

सुगत बाटली उघडून पाणी प्याला. पंचेचाळिशीतला माणूस, पण परीक्षेला बसल्यासारखा बसला होता.

"पालक म्हणून सही मीच केलीय," तो म्हणाला.

"मग झालं तर! काय शिकून राहिली?"

"वकिली. दुसरं वर्ष हाय."

"करमतंय का तिथं?"

"तिला लई करमतंय. मलाच करमंना. सोडून आलो त्या दिवशी येष्टीत रडलो." सुगत कसनुसा हसला. "खोली तेवढी खालची मागून घेतली. गुडघा दुखतो तिचा."

"आजकालच्या पोरी! आमची थोरली, अलीझा, तीबी तशीच. चार पावलं चालायची म्हणलं की रिक्षा पाहिजे." अजीजभाईंनी अर्ज पुढे ओढला. "लग्नाचं बघून राहिलात का न्हाई?"

"लग्न झालं तिचं. लई लवकर झालं. शाळा तिथंच सुटली. बारावी मागून बाहेरून केली."

"अन् फी तुम्ही भरता? नवरा?"

"गेला."

अजीजभाईंचं पेन थांबलं. त्यांना स्वतःला दोन मुली. त्यांना फार वाईट वाटलं, आणि आपण रिक्षाचा विनोद उगाच केला असंही वाटलं. एरवी ते पावती उजेडात धरून चारदा वाचत. आज 'पी. पी. सोनकांबळे' एवढं पाहिलं, आकडा उतरवला आणि ती टाचून टाकली.

"शिकवा तिला," ते म्हणाले. "किती बाप करतात असं? नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलंय. खाली सही करा."

सुगतने पेन हातात घेतलं. सही केली की अठरा हजार वाचत होते. कुणी तपासणार नव्हतं. पण संध्याकाळी तिचा फोन येणार, आणि ती सगळ्यात आधी विचारणार, ऑफिसात काय झालं? खोटं बोललेलं तिला लहानपणापासून कधी खपलं नव्हतं.

त्याने पेन टेबलावर ठेवलं.

"खोडा ते, अजीजभाई. माय हाय ती माझी."