शांत मुलासाठी एक जागा

“आधी याला गप्प करा, ताई,” तज्ज्ञ म्हणाले. “शाळा आहे ही, बसस्टँड नव्हे.”

बाईंच्या खांद्यात तोंड खुपसून चारेक वर्षांचं पोर हमसून हमसून रडत होतं. ऑफिसातून अर्धी रजा टाकून आलेल्या बाई, बॅग तशीच खांद्याला, त्याची पाठ थोपटत होत्या.

तज्ज्ञ म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. मुलांना शांत कसं ठेवावं आणि स्क्रीनवरून शहाणं कसं करावं, यावर ते सभागृहं भरवून बोलत. कार्डावर ‘बालशांती मार्गदर्शक’ असं छापलेलं होतं. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली असल्यामुळे तिच्याबद्दल कुणाशी वाद नव्हता.

आज मात्र ते बाप म्हणून आले होते. या शाळेत मुलांच्या हाती टॅब देत, पण बेताने. काम झालं की मूल तो आपणहून बंद करतं, अशी ख्याती होती. बालवर्गात जागा उरली होती एक आणि मुलं होती दोन. ‘माझा मुलगा याच शाळेत शिकतो’ या वाक्यावर तज्ज्ञांनी व्याख्यानांत टाळ्या आधीच घेऊन टाकल्या होत्या. ते खरं करणं तेवढं राहिलं होतं.

कपड्यांवरून कुणी कुणाला जोखू नये म्हणून शिपाई फाटकावरच प्रत्येक मुलाला पिवळा अंगरखा चढवत होता. तज्ज्ञ मुलाला त्याच्या हाती सोपवून व्याख्यानाच्या आयोजकांशी फोनवर बोलत बोलत आत आले होते. बोलणं संपवून बघतात तो समोरच्या कोपऱ्यात पिवळा अंगरखा, कानांना शाळेचे हेडफोन आणि एक लहानशी, निश्चल पाठ. त्यांचा ऊर भरून आला.

“तो बघा,” त्यांनी बोट दाखवलं. “मघापासून हूं की चूं नाही. याला म्हणतात वळण.”

बाई तिकडे बघून हसल्या. “गुणी आहे खरा.”

“उगाच नाही होत कुणी गुणी. आईबापाला खपावं लागतं. हा तुमचा मात्र...”

“अहो, हा माझा...”

“तुमचा आहे, दिसतंच आहे. म्हणून तर सांगतोय. वडील कुठे आहेत याचे?”

“फोनवर आहेत म्हणे.”

“वाटलंच!” तज्ज्ञ खुलले. दुसऱ्याचा नालायकपणा आयता हाती आला की त्यांची वाणी बहरत असे. “असले बाप! पोराचा आवाज ओळखा म्हटलं तर शेजाऱ्याच्या कुत्र्याचा आधी ओळखतील.”

बाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्यांनी बॅगेतून फोन काढला. पडद्यावर एक फुगा सावकाश मोठा होत होता, सावकाश लहान होत होता.

“बघ, फुगा पोट फुगवतोय. आपणपण फुगवू या. घे श्वास... आता सोड हळूच.”

पोराने एक डोळा उघडला. मग दुसरा. हुंदके लांबत गेले. फुग्याचा रंग बदलला की ते रंगाचं नाव पुटपुटू लागलं. थोड्या वेळाने बाईंनी फोन बॅगेत ठेवला. “आता फुगा डोळे मिटून बघायचा.” पोर डोळे मिटून श्वास घेता घेता तसंच झोपून गेलं.

“शेवटी फोनच ना!” तज्ज्ञांनी नाक मुरडलं. “तुमच्यासारख्या आया आहेत म्हणून आम्हाला गावोगाव हिंडावं लागतं.”

“हिंडा की. पण आत्ता हळू बोला, डोळा लागलाय त्याचा.”

कोपऱ्यातल्या मुलाची टॅबवरची गोष्ट संपली असावी. त्याने टॅब बंद केला, बाजूला सारला आणि हेडफोन डोक्यावर तसेच ठेवून कागदावर हत्ती काढायला घेतला.

“माझ्या पद्धतीची चौथी पायरी!” तज्ज्ञ उद्गारले. घरी ही पायरी त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण घरी ते असायचेच कुठे?

तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी त्यांना आत बोलावलं.

“मी काचेतून बघत होते,” त्या म्हणाल्या. “खरं सांगू? माझा कल त्या रडणाऱ्या मुलाकडे आहे. किती पटकन शिकला शांत व्हायला! कोपऱ्यातल्याला कुठलीही शाळा चालेल. आमची गरज याला आहे.”

तज्ज्ञ खुर्चीत पुढे सरकले. टाळ्या परत करता येत नाहीत.

“मॅडम, एक रडकं पोर अख्खा वर्ग नासवतं. हा माझा विषय आहे. त्याला घेतलंत, तर माझ्या व्याख्यानांत तुमच्या शाळेचं नाव येईल, पण भलत्या कारणाने. तुमचे अध्यक्षही येतात ऐकायला.”

अध्यक्ष खरोखरच जात असत, पहिल्या रांगेत बसत.

“इतकी खात्री आहे तुम्हाला?”

“शंभर टक्के. रडका यंदा नको, पुढच्या वर्षी नको, कधीच नको.”

“बरं. कोपऱ्यातला मुलगा. पण एकदा ठरलं की मी बदलत नाही.”

“बदलूच नका,” तज्ज्ञ म्हणाले आणि छाती काढून बाहेर आले.

“मनाला लावून घेऊ नका, ताई,” त्यांनी जाता जाता बाईंना ऐकवलं. “मूल वाढवणं सगळ्यांनाच जमतं असं नाही.”

ते कोपऱ्यात गेले आणि हत्तीवर वाकलेल्या डोक्यावर त्यांनी कौतुकाने हात ठेवला. मुलाने हेडफोन काढले, मान वळवली, या अनोळखी गृहस्थाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आपला कागद उचलून तो सरळ बाईंकडे गेला आणि झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून कुजबुजला, “आई, याचे बाबा सापडले का गं?”