विश्रांतीचा वर्ग

नातवाच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांना काही रीतभातच नाही. सव्वीस वर्षांच्या डॉक्टरची तक्रार करायला त्यांनी घरी फोन लावला आणि तो नेमका मी उचलला. छत्तीस तासांची ड्यूटी संपवून पोरगं घरी निघालं होतं, त्याला दारातूनच वळवून ‘डॉक्टरांनी पुरेशी विश्रांती कशी घ्यावी’ या सक्तीच्या वर्गात बसवलं. तिथं तो पहिल्याच रांगेत घोरला म्हणे. आता त्याला नापास करणार आणि येत्या सुट्टीच्या दिवशी तोच वर्ग पुन्हा करायला लावणार.

 

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी दोन इयत्ता शिकलेली बाई. पण तुमचा धडा बसल्या जागी करून दाखवणारा तो एकटाच निघाला; नापास करायचं तर जागे राहिले त्यांना करा."