मोठ्यांदा म्हनली

बाळंतपणातले टाके पिकले म्हणून आरतीला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, आणि घटकाभरात तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. जीव तेवढा वाचला. दुसऱ्या दिवशी शेजारी निजवलेली चार दिवसांची लेक रडून लालबुंद झाली तरी आरती खिडकीकडंच बघत पडून राहिली, तेव्हा सासूला, रंगुबाईंना, कळलं की सुनेचे कान गेले.

सावेडीतले कानाचे डॉक्टर म्हणाले, "ॲलर्जी उतरली, पण ते औषध कानांनाही बाधलं. आतल्या नसाच गेल्यात. मशीन लावूनही उपयोग व्हायचा नाही."

मिरजगावला परतल्यावर आरती ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. दीड वर्षाची झालेली लेक, संस्कृती, "आजी, आजी" करत घर डोक्यावर घ्यायला लागली, तशी आरती सासूला रोज विचारायची, "आत्याबाई, मला कवा हाक मारंल ओ ही?"

एका सकाळी आरती भाकरी थापत असताना संस्कृती तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आरतीनं पिठाच्या हातांनीच तिला उचललं.

"आत्याबाई, ऐकलं का? आई म्हनली! मला आई म्हनली!"

रंगुबाई तिथंच भाजी निवडत बसल्या होत्या. पोरीच्या तोंडातून आवाज निघालाच नव्हता. घरातलं कुणीच आरतीशी आवाज काढून बोलत नव्हतं. पोर तेच बघून शिकली होती. आईसाठी नुसते ओठ हलवायचे.

रंगुबाईंनीही ओठ हलवले, "व्हय गं, लई मोठ्यांदा म्हनली."