आबांचा पटका

अगं, नुसतं ऐक. क्रांतीचं लेकरू वजनाला लय कमी, म्हणून दहिवडीची सिस्टर घरी तपासायला आली. "उघड्या छातीशी बांधून ठेवा, ऊब सुटू देऊ नका," ती म्हणाली. पण जागून जागून क्रांतीचा पिट्टा पडलेला, बसल्याजागी पेंगत होती. सिस्टरनं दारातल्या क्रांतीच्या फौजी नवऱ्याला बोलावलं. "या, शर्ट काढा. आता तुमची ड्यूटी." गडी लाजून चूर. वडलांदेखत आपलं पोर घ्यायची त्यांच्यात रीतच न्हाई. सुट्टीवर आल्यापासनं लांबूनच डोळं भरून बघायचा. क्रांतीनं धास्तीनं सासऱ्यांकडं बघितलं. आबा उठले, डोईचा पटका सोडून सिस्टरच्या हातात दिला. "कालच धुतलाय, ह्यानं बांधा. मी भिंतीकडं तोंड करून बसतो, म्हंजी माझ्यादेखत होत न्हाई." पोर बापाच्या छातीशी निजलं. क्रांतीला आता झोपायचं होतं, पण नजरच हटंना. तू झोपली असतीस का?