अंबिकाबाईंचा फ्रिज

शंतनूनं फ्रिज भिंतीपासून ओढून पुढं घेतला आणि मागच्या जाळीवरची धूळ झाडायला लागला. उस्मानपुऱ्यात मे महिन्याची दुपार. पंख्याचाही वारा गरम येत होता.

"राहू दे रे," अंबिकाबाई म्हणाल्या. "जुना झालाय तो. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. नवा थर्मोस्टॅट टाकला, तरी तेच."

त्या कालच दवाखान्यातून घरी आल्या होत्या. साखर इतकी वाढली होती की शेजारच्यांनी त्यांना रिक्षात घालून नेलं. इन्सुलिन गार ठेवता ना, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. औषधाचा जोर गेलेला दिसतोय म्हणाले. म्हणून पुण्याहून आल्या आल्या शंतनू आधी फ्रिजच्याच मागं लागला होता. नव्या बाटल्या तोवर शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या.

कॉम्प्रेसर चालू होता. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून त्यानं दार लावलं. ओढली तर निघेना. म्हणजे रबरही धड होतं. पण वरच्या बर्फाच्या खणात नुसता ढीग साचलेला.

"आई, बाहेरची हवा आत शिरल्याशिवाय एवढा बर्फ धरत नाही."

अंबिकाबाई मेथी निवडत राहिल्या.

त्यानं बर्फ वितळवला, आतून पुसून घेतलं, फ्रिज पुन्हा चालू केला आणि आत पाण्याचा तांब्या ठेवला. चहाच्या वेळेला तांब्याला हात लावला तर बोटं गारठली.

"बघ! काहीच झालेलं नाही याला," तो म्हणाला आणि खुशीत आंघोळीला गेला.

डोकं पुसत बाहेर आला तेव्हा फ्रिजचं दार सताड उघडं होतं. आत दिवा जळत होता. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बाहेरच्या खोलीत त्याचे वडील, व्यंकटराव, खुर्चीवर बसले होते. मांडीवर कोथिंबिरीची जुडी होती. तिच्याकडं ते बघत होते, जणू ती कुणी तरी आणून ठेवली होती.

तेवढ्यात अंबिकाबाई आल्या. जाता जाता त्यांनी कोपरानं दार लोटलं, पुढं जाऊन व्यंकटरावांच्या मांडीवरची जुडी उचलली आणि परत आल्या. ना थांबल्या, ना दचकल्या. शंतनू जागच्या जागी उभा राहिला.

"कधीपासून, आई?"

"दिवाळीपासून," त्या हळूच म्हणाल्या. "दार उघडतात आणि काय घ्यायचं तेच विसरतात. मी असले की लावते. दुपारी माझा डोळा लागला की मग तसंच राहतं."

"आणि तू मला फोनवर फ्रिज बिघडला म्हणून सांगत होतीस?"

"मग काय सांगू? फ्रिज बिघडला म्हटलं की मेकॅनिक येतो. यांचं सांगितलं असतं तर कोण आलं असतं? कुठं नेलं असतं तुम्ही यांना?"

"अगं, तुझा जीव गेला असता! इन्सुलिन खराब होतंय हे कळत होतं ना तुला?"

अंबिकाबाईंनी जुडी ओल्या फडक्यात गुंडाळली. दोन वेळा गुंडाळून झाली तरी त्या गुंडाळतच राहिल्या.

"यांना काही बोलू नकोस," शेवटी म्हणाल्या. "माझ्यामुळं हिला दवाखान्यात न्यावं लागलं, एवढं कळण्याइतकं अजून शाबूत आहे. रात्रभर रडत बसतील."

वाकून शंतनूनं फ्रिज भिंतीकडं सरकवायला घेतला. चाकं करकरली, तसे व्यंकटराव दारात येऊन उभे राहिले. फरशीवरचा पाना, ब्रश, ओलं फडकं त्यांनी नीट निरखून पाहिलं. मग शंतनूकडं पाहिलं.

"झालं का हो काम?" त्यांनी अदबीनं विचारलं. "जरा बघून करा. हिची इंजेक्शनं असतात त्यात, हयगय नको."

"अहो, हा आपला..." अंबिकाबाईंचा आवाज चिरकला. शंतनूनं हातानंच त्यांना थांबवलं.

"नीट झालाय," तो म्हणाला. "काळजी करू नका."

व्यंकटरावांचा चेहरा सैल झाला. त्यांनी स्वतः स्टूल पुढं ओढलं, त्यावरची धूळ तळहातानं झटकली.

"बसा. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. उन्हाचं एवढ्या लांबून आलात."