बिनआवाजाची गाडी

"आवाज तेवढा नको. बाकी गाडीचं काय वाट्टेल ते करा," मनोज म्हणाला आणि खिशातला कागद त्याने बॉनेटवर पसरला.

यहयाभाईने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. गॅरेजमध्ये लोक गाडी घेऊन येतात, हा माणूस कागद घेऊन आला होता. पाच कलमं होती. चारही दारांना नवं रबर. पायाखाली जाड फोम. सायलेन्सर नवा. डॅशबोर्डचा एकेक स्क्रू आवळणे. मागच्या सीटपाशी छोटा पंखा. गाडी एकोणीस वर्षांची, मनोजच्या वडिलांच्या वेळची. ती नाक्यावर वळली की घरात चहाचं आधण ठेवायचे, असा तिचा लौकिक.

"बुढ्ढीला नवरी बनवताय, भाई!" यहयाभाई हसला.

मनोजला हसू आलं नाही. त्याची बायको हेमाली बाळंतपणाला नारपोलीत आईकडे गेली, ती अजून तिथेच होती. मुलगी, पूर्वी, पाच महिन्यांची झाली. मनोजने कशेळीत, गोदामातल्या ड्युटीच्या जवळ, पाचव्या मजल्यावर खोली घेतली होती. मागच्या बाजूची, मुद्दाम. ट्रकचा हॉर्नसुद्धा वर यायचा नाही. दोनदा त्याने मायलेकींना याच गाडीतून तिथे आणलं आणि दोन्ही वेळा पूर्वीने रडून घर डोक्यावर घेतलं. डॉक्टर झाले, मीठमोहऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी हेमाली परत माहेरी.

या वेळी तिने सांगूनच टाकलं होतं. "शेवटचं बघू. नाही रमली तर आम्ही दोघी इकडंच राहू." हे ती रागाने म्हणाली असती तर मनोजने सोडून दिलं असतं. ती शांतपणे म्हणाली, म्हणून तो घाबरला.

त्याने फार विचार केला. गाडीच्या खडखडाटाने पोर घाबरत असणार आणि ती भीती मग घरीही तिच्या मनात राहत असणार. म्हणजे औषध एकच, शांतता. घरची बेलसुद्धा त्याने काढून ठेवली. हेमालीला आपली मोटरची शिलाई मशीन सोबत आणायची होती. "ब्लाऊजची गिऱ्हाइकं तिकडंपण मिळतील हो. दिवसभर नुसती बसून काय करू?" तिने दोनदा विचारलं. मनोज दोनदा नाही म्हणाला. ती घरघर पोरीला कशी सोसायची? मशीन नारपोलीतच राहिली आणि हेमालीने तो विषय पुन्हा काढला नाही.

पंख्याचं कलम सासूबाईंमुळे आलं. बायजाबाईंचं घर कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यावरच्या माळ्यावर. त्या साधं 'चहा घेणार का' विचारायच्या तेही भांडल्यासारखं. पूर्वी तिथे ढाराढूर झोपायची. फक्त लाइट गेली की किंचाळत उठायची. "पंखा बंद पडतो ना! पोरीला गरमी सोसत न्हाय," बायजाबाई ओरडून सांगायच्या.

आठ दिवसांनी गाडी तयार झाली. मनोज ती नारपोलीत घेऊन गेला तेव्हा बायजाबाईंनी बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "चालू हाय का बंद?" मनोजला धन्य वाटलं.

ते धन्य वाटणं गल्लीच्या टोकापर्यंत टिकलं. काचा वर गेल्या, पंखा लागला, गाडी रस्त्याला लागली आणि पूर्वीने ओठ काढले. मग जो सूर लावला तो थांबेचना. दूध घेईना, खुळखुळा बघेना.

"वळवा गाडी," हेमाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "उगाच का तिचे हाल?"

मनोजने गाडी वळवली नाही. फोम चिकटवायच्या सोल्युशनचा वास पोरीला लागत असेल, अशी एक शेवटची आशा होती. यहयाभाईचं गॅरेज वाटेवरच होतं.

यहयाभाईने इंजिन चालू ठेवूनच पुढचा फोम उचकटला. मग गाडीखाली शिरून सायलेन्सरची पट्टी जरा ढिली केली, कुठून धूर आत येतो का बघायला. पत्रा खडखडायला लागला. खट-खट, खट-खट.

पूर्वी गप्प झाली.

यहयाभाईने पट्टी हाताने दाबून धरली. आवाज थांबला, पूर्वीने भोकाड पसरलं. त्याने हात काढला. पूर्वी गप्प. तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा तर पोरीचे डोळेच मिटायला लागले.

तो बाहेर आला तो हसतच. यहयाभाईचा जन्म निजामपुऱ्यातला, लूमच्या गल्लीतला. "भाई, ही डरत नाही. ही लूमची खटखट शोधतेय! आमच्या गल्लीत लाइट जाऊन लूम बंद पडली की पाळण्यातली सगळी पोरं एकदम उठायची."

हेमाली बघतच राहिली. जन्म त्या आवाजात गेला होता तिचा, आणि तो आवाज आहे हेच तिला कधी कळलं नव्हतं. मनोजने खिशातला कागद काढला, चुरगळला आणि म्हणाला, "करा ढिली. पहिल्यासारखी."

अर्ध्या तासाने गाडी खडखडत बाहेर पडली. पूर्वी आईच्या मांडीवर गाढ झोपली होती. कशेळी समोर होती. मनोजने गाडी मागे वळवली.

हेमालीचा चेहरा उतरला. "एवढं होऊनही आम्हाला परत सोडताय?"

"सोडत नाही गं!" मनोज ओरडून म्हणाला. आता या गाडीत ओरडूनच बोलावं लागणार होतं. "तुझी मशीन राहिलीय!"