पुन्हा निघालेली कॅप

मुलीच्या पत्राला आपण उत्तरच दिलं नाही, हे म्हाताऱ्याला आठवलं ते दाढेवरची कॅप पुन्हा घासात आली तेव्हा. पत्र शब्दकोशात ठेवलेलं होतं. 'बाबा, आई गेली तेव्हा मी वाट्टेल ते बोलले. विसरा. येत जा.'

'तेव्हाही तुमचं डोकं पुस्तकातच होतं,' असं ती बोलली होती. खरं होतं, म्हणूनच झोंबलं. त्याने जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली, पण या उत्तराचं पहिलं वाक्य काही जमेना. लिहायचा आणि खोडायचा.

पुढे दाढेने दगा दिला आणि झक मारत मुलीच्याच दवाखान्यात जावं लागलं. तिने कॅप बसवली. महिन्याभरात निघाली. पुन्हा बसवली, पुन्हा निघाली. दर वेळी तिचं तेच पालुपद.

"कॅप डबीत ठेवायची. घरचा गोंद लावायचा नाही. त्या बाजूने चावायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाकडे न जाता सरळ इथे यायचं."

"आणि तू ती नीट बसवायची नाही."

"दाताने कुलपं उघडता की काय तुम्ही?"

"तुझं शिक्षण पाण्यात गेलं."

"बरं. चहा घेणार?"

"चहा प्यायला आलो नाही मी," असं म्हणून तो चहा घ्यायचा.

आज मात्र हद्द झाली. डबी खिशात घालून, फणफणत तो पोस्टासमोरच्या दाताच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला.

त्यांनी कॅप आतून खरवडून पाहिली. "काम उत्तम आहे. माप अगदी बरोबर. फक्त सिमेंट तात्पुरतं आहे. थोडे दिवस टिकतं, मग सुटतं."

"चुकून लावलं असेल."

"एकदा चुकेल. दर वेळी?"

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी मुलगी आहे ती. पोटच्या पोरीने बापाला फसवावं?"

"दर वेळी किती घेते?"

"दमडी नाही. वर चहा पाजते."

"मग तिला यातून मिळतं काय?"

उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं.

"हां, असंच उघडं ठेवा," म्हणत डॉक्टर कामाला लागले.

काम संपलं. डॉक्टरांनी हात पुसले. "आता पक्कं बसवलंय. एक वेळ दाढ निघेल, कॅप निघणार नाही. आजचा दिवस कडक काही चावू नका."

पोस्टात त्याने एक कार्ड घेतलं. डॉक्टरांचं न ऐकता पेनाचं टोपण दाढेखाली करकचून दाबून पाहिलं. कॅप तसूभरही हलली नाही.

मग खोडाखोड न करता, एका दमात त्याने लिहिलं, 'कॅप पुन्हा निघाली. गुरुवारी येतो.' आणि कार्ड पेटीत टाकलं.